कामठा ते तुमसर : गाळलेली पाने

भंडारा जिल्ह्याच्या स्वातंत्र्यलढ्यावरची स्थानिक पुस्तिका उघडली की बहुधा दोन प्रसंग ठळक दिसतात : १८१८ मधला कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल याचा उठाव आणि ऑगस्ट १९४२ मधला तुमसरचा गोळीबार. दोन्ही एकाच माळेत ओवलेले असतात. वीस वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मीही तसेच लिहिले होते. आज ते मला चुकीचे वाटते.

चिमणा पटेलाचा उठाव खरा. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेत पडले आणि मे १८१८ मध्ये निसटले. गादीवर बालराजा आला, कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती गेला. त्या धामधुमीत कामठ्याने हत्यार उपसले. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने उठाव मोडला. जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे गेली. इंग्रज गॅझेटियरकारांच्या लेखी हे बंड. आमच्या पुस्तिका ‘बंड’ खोडून ‘स्वातंत्र्ययुद्ध’ लिहितात. शब्द बदलतो, प्रश्न उरतो : पटेल कोणासाठी लढला? माझ्या वाचनाप्रमाणे, आपल्या राजासाठी आणि आपल्या जमीनदारीसाठी.

तुमसरला गोळ्या झेलणाऱ्यांना कोणताही राजा गादीवर बसवायचा नव्हता. मग मधल्या सव्वाशे वर्षांत काय घडले?

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. ज्यांना आज आपण ‘मामा तलाव’ म्हणतो, ते माजी मालगुजारी तलाव त्याच व्यवस्थेची खूण आहेत. जंगले राखीव झाली. सरपण, चराई, मोहफूल हा गावाचा निस्तार; तो आता परवान्याची बाब बनला. सरकार कुणब्याच्या आणि गोंडाच्या अंगणापर्यंत आले ते असे. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनाने काँग्रेसचे प्रांत भाषेनुसार केले आणि चार आण्यांत सभासदत्व खुले केले. चार आणे देणारा माणूस कोणाचा पाईक म्हणून येत नव्हता. १९३० च्या जंगल सत्याग्रहात राखीव रानातले गवत कापणे हाच कायदेभंग झाला. सिवनी जिल्ह्यातल्या तुरियाला त्यासाठी आदिवासी स्त्रियांनीही प्राण दिले. प्रजेचा नागरिक झाला तो या वाटेने.

हीच पाने आमच्या पुस्तिकांत नाहीत. आळस हे एक कारण. दुसरे, राज्याची सीमा. १९५६ मध्ये भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या संपादनाखालचा मध्य प्रदेशच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास नागपुरात छापला गेला. मुंबई सरकारने १९५७ पासून साधनखंड काढले, पण मुंबईच्या दप्तरातून. मध्यप्रांताचे दप्तर बाहेरच राहिले. आमचा इतिहास एका राज्याच्या पुस्तकात आणि आम्ही दुसऱ्या राज्यात, अशी ही अवस्था. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर कामठाही जिल्ह्याबाहेर गेला.

चिमणा पटेलाला लहान करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच्या तलवारीतून तुमसर थेट निघाले असे म्हटले, की गवत कापणारे हात आणि चार आणे देणारी मूठ इतिहासातून वजा होतात. पुढची स्मरणिका काढणाऱ्यांनी हुतात्म्यांची यादी जरूर छापावी. त्याआधी आपल्या गावाचे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक एकदा वाचावे. लढा का झाला, याचे निम्मे उत्तर तिथे आहे.