बहुमताची हिंसा आणि विद्वानांची परिमाणे : खैरलांजीच्या संदर्भात एक चिकित्सा

हिंसेची मीमांसा करणाऱ्या विद्वानापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मोजणीचा. ही मोजणी कोणत्या दिवसापासून करावयाची? भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची कन्या प्रियंका आणि सुधीर व रोशन हे दोन पुत्र यांची जमावाने निर्घृण हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल तेवढे वाचले. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचेही निधन झाले. ज्याची मोजणी त्या २९ सप्टेंबरला सुरू होते, त्याला ही एका सायंकाळची घटना दिसते. ज्याची मोजणी नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू होते, त्याला केवळ मोर्चे, दगडफेक आणि जळालेले रेल्वेचे डबे दिसतात. आणि ज्याची मोजणी हे कुटुंब त्या गावात शेती कसू लागले तेथून सुरू होते, त्याला निराळेच सत्य दिसते. मोजणीचा प्रारंभ ठरविणे हीच मुळात सत्तेची एक कृती आहे, असे आमचे मत आहे. हे मत पुढे ठेवून आम्ही हिंसा, चळवळ आणि सत्ता यांविषयीच्या काही विद्वत्तापूर्ण प्रतिपादनांची येथे चिकित्सा करणार आहोत.

नॉर्वेचे शांतिसंशोधक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये ‘संरचनात्मक हिंसा’ ही संकल्पना मांडली. माणसाला जे होणे शक्य आहे आणि तो प्रत्यक्षात जे होऊ शकतो, यांतील टाळता येण्याजोगे अंतर म्हणजे हिंसा, असा तिचा आशय आहे. ही संकल्पना आमच्या अनुभवाला जवळची आहे. भोतमांगे कुटुंबाच्या शेतातून रस्त्यासाठी जागा मागितली जाणे, त्यांच्या पक्क्या घरात अडथळे येणे, त्यांनी उभ्या पिकाचे नुकसान सोसणे, या गोष्टींत कोणाचेही रक्त सांडले नव्हते. तरीही ती हिंसाच होती. परंतु गाल्टुंग यांच्या मांडणीत एक उणीव राहते. संरचनेला चेहरा नसतो, असे ते मानतात. खैरलांजीत संरचनेला चेहरे होते, नावे होती, शेतांच्या चतुःसीमा होत्या. अन्याय करणारा आणि अन्याय सोसणारा रोज एकाच वाटेने जात-येत होते.

हॅना आरेंट यांचे विवेचन याहून अधिक सूक्ष्म आहे. १९७० च्या ‘हिंसेविषयी’ या ग्रंथात त्यांनी सत्ता आणि हिंसा यांत मूलभूत भेद केला. माणसे एकत्र येऊन एकमताने कृती करतात तेव्हा सत्ता निर्माण होते. हिंसा ही केवळ साधनांवर अवलंबून असते. आणि सत्ता हातून निसटू लागली की हिंसा पुढे येते, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रत्यक्ष व्यवहारात या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र आढळतात हे त्या नाकारीत नाहीत. ‘सर्व जण एकाविरुद्ध’ हे सत्तेचे टोकाचे रूप होय, असेही त्या सांगतात. त्यांच्या या वाक्याशी आम्ही थांबतो, कारण खैरलांजीत घडले ते नेमके हेच. मात्र येथे त्यांचा सिद्धांत अपुरा पडतो. त्या दिवशीची हिंसा सत्ता डळमळली म्हणून झाली नाही. सत्ता निश्चिंत होती म्हणून झाली. कोणी साक्ष देणार नाही, कोणी अडविणार नाही आणि वार्ता गावाबाहेर जाणार नाही, ही खात्री ज्यांना असते त्यांचीच हिंसा अशी उघड, सामुदायिक आणि निर्भय असते. एकमताने केलेली कृती ही जर सत्तेची व्याख्या असेल, तर खेड्यातील जातीय बहुमताच्या ठिकाणी सत्ता आणि हिंसा या परस्परविरोधी राहत नाहीत. त्या एकाच हाताच्या दोन मुठी होतात.

आपल्याकडील विद्वानांपैकी आनंद तेलतुंबडे यांनी या प्रकरणावर सर्वांत सविस्तर लेखन केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये आला आणि २०१० मध्ये ‘जातीचे चिवटपण’ अशा आशयाच्या शीर्षकाने पुन्हा प्रसिद्ध झाला. त्यांचे मोठे कार्य हे की त्यांनी आपल्याच चळवळीचे काही सोयीचे भ्रम मोडून काढले. मारेकरी ब्राह्मण नव्हते. इतर मागास वर्गांत मोडणाऱ्या शेतकरी जातींचे होते. म्हणून ‘बहुजन ऐक्य’ हा शब्द उच्चारताना यापुढे विचार करावा लागेल. शासनयंत्रणेत आपली माणसे पोहोचली म्हणजे न्याय आपोआप मिळेल, हाही भ्रम ठरला. कारण तपासातील कर्तव्यच्युती करणाऱ्यांत आपल्याच समाजातील अधिकारी होते आणि शवविच्छेदनही दुसऱ्यांदा करावे लागले. हे सत्य कटू आहे; ते सांगितल्याबद्दल आपण लेखकाचे ऋणी असले पाहिजे. तथापि त्यांचे विश्लेषण राज्यसंस्था आणि अर्थकारण यांच्याकडे जितके झुकते तितके ते संतप्त समाजाने आपल्या संतापाचे काय करावे या प्रश्नाकडे वळत नाही, असे आम्हास वाटते.

अनुपमा राव यांचा ‘जातीचा प्रश्न’ या आशयाचा ग्रंथ २००९ मध्ये प्रकाशित झाला. १९६३ चे सिरसगाव प्रकरण, १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात उसळलेली जाळपोळ व हत्या आणि पुढे अत्याचारप्रतिबंधक कायद्याची निर्मिती, असा त्यांचा पट विस्तृत आहे. कायद्याने ‘अत्याचार’ ही संज्ञा निर्माण केल्यावर जातीय हिंसा प्रथमच राज्याच्या दृष्टीस पडू लागली. परंतु कायद्याला दिसेल तेवढीच हिंसा खरी, असा नवा पेचही त्यातून उद्भवला. ग्रंथ वाचून आम्ही काढलेला हा निष्कर्ष खैरलांजीच्या खटल्यात अक्षरशः खरा ठरला.

भंडारा येथील न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये अकरांपैकी आठ आरोपींना दोषी ठरविले. सहांना मृत्युदंड आणि दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मृत्युदंड रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. मात्र दोन्ही न्यायालयांत अत्याचारप्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली होती. त्या प्रकरणात मायलेकींनी साक्ष दिली. त्याचा सूड म्हणून हत्या झाली, असे मानण्यात आले. सूड होता म्हणून जात नव्हती, असा हा तर्क आहे. आम्ही विचारतो, साक्ष देणारी स्त्री गावातील बहुसंख्य जातीची असती तर सारा जमाव तिच्या दारात चालून गेला असता काय? एखाद्याच्या साक्षीचा सूड घेता येतो की नाही, हे त्या साक्षीदाराच्या जातीवरूनच गावात ठरत असते. त्या काळी कायद्याच्या शब्दांनुसार, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला, हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्याऐवजी, ती व्यक्ती त्या जातीची आहे हे ‘माहीत असताना’, अशा अर्थाचे शब्द घातले. या दोन शब्दप्रयोगांमधील अंतर लहान दिसते. भोतमांगे कुटुंबासाठी ते फार उशिरा ओलांडले गेले.

आता आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वळतो. भक्तिभावाने नव्हे, वरील पेच त्यांनी आधीच ओळखला होता म्हणून. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविण्याची आणि अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. राजकीय बहुमत बदलते, जातीय बहुमत जन्मानेच ठरलेले असते. म्हणून त्याच्या सत्तेला बंधन हवे, ही त्यामागील दृष्टी होती. याच भंडारा मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते स्वतः पराभूत झाले. संविधानाच्या शिल्पकाराला जेथे मतपेटीतील बहुमताने नाकारले, त्याच जिल्ह्यात बावन्न वर्षांनी गावच्या बहुमताने एका बौद्ध कुटुंबाला जगण्याचा हक्क नाकारला. पहिली घटना लोकशाहीची, दुसरी खुनाची. दोन्ही समान आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु जातीच्या बहुमताविषयी बाबासाहेबांना वाटणारी धास्ती केवळ ग्रंथातील नव्हती, एवढे या भूमीने दाखवून दिले. बहिष्काराला त्यांनी १९४७ मध्ये मागितलेला प्रतिबंध अत्याचारप्रतिबंधक कायद्यात स्पष्टपणे आला तो २०१६ मध्ये अमलात आलेल्या त्याच दुरुस्तीने.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कथानक या दृष्टीने पुन्हा वाचावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. तेथे वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून विरक्ती आल्याची परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात वाद पेटतो. शाक्य संघ बहुमताने युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ एकटा विरोध करतो. तेव्हा त्याच्या कुटुंबावर बहिष्कार टाकण्याचा आणि जमिनी जप्त करण्याचा धाक दाखविला जातो. शेत, पाणी, बहुमत, बहिष्कार आणि हिंसा! खैरलांजीच्या वाचकाला यातील कोणता शब्द परका वाटेल? बाबासाहेबांनी बौद्ध धम्माचा प्रारंभच बहुमताच्या हिंसेला दिलेल्या नकारातून दाखविला आहे. पाश्चात्त्य सिद्धांतात आम्हास जी उणीव जाणवली ती येथे भरून निघते.

राहिला प्रश्न प्रतिकाराचा. २००६ मध्ये विजयादशमी २ ऑक्टोबरला होती आणि धर्मांतराचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. हत्याकांडानंतर तिसऱ्याच दिवशी लाखो बांधव दीक्षाभूमीवर जमले. परंतु घटनेचे खरे स्वरूप तोवर वृत्तपत्रांत आले नव्हते. पुढे नोव्हेंबरमध्ये विदर्भात जो उद्रेक झाला त्यात पुढाऱ्यांपेक्षा सामान्य स्त्री-पुरुष पुढे होते. अमरावतीत पोलीस गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. तत्कालीन गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका व्यक्त केली. महिनाअखेर कानपूर येथील पुतळ्याच्या विटंबनेनंतर संताप महाराष्ट्रभर पसरला आणि उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळण्यात आले. अनेकांची मोजणी याच ठिकाणी सुरू झाली, हे आम्ही प्रारंभी म्हटलेच आहे.

या मोजणीला विरोध करताना आपण आपलीही चिकित्सा केली पाहिजे. १९१८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना तरुण आंबेडकरांनी ऊर्जारूप बळ आणि हिंसारूप बळ असा भेद केला होता. बळाचा त्याग म्हणजे अहिंसा नव्हे; बळाचा विधायक उपयोग म्हणजे अहिंसा, असा त्याचा आशय आम्ही घेतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा प्रतिहल्ला न करण्याचा आदेश बाबासाहेबांनी दिला. तो दुबळेपणा नव्हता. ऊर्जेची बचत होती. त्या कसोटीवर पाहता विदर्भातील स्त्रियांचे मोर्चे हे ऊर्जारूप बळ होते. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला तो या दबावामुळेच, असे आम्ही मानतो. जळालेल्या डब्यांनी मात्र खैरलांजीचे नाव पुढे नेले नाही. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर त्यांनी त्याची जागा घेतली. हे सांगताना आम्हास संकोच वाटत नाही, कारण तो संताप आमचाही होता.

हिंसेचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांकडून आमची अपेक्षा थोडी आहे. त्यांनी मोजणी शेताच्या बांधापासून सुरू करावी आणि साक्षीदार गप्प का राहिले याची नोंद घ्यावी. चळवळीकडून अपेक्षा अधिक आहे. ज्या गावात आपली दोन-तीनच घरे आहेत तेथे रस्त्याचा, पाण्याचा वा घराचा वाद उद्भवताच तालुक्यातील विहाराला ते कळले पाहिजे आणि माणसे तेथे पोहोचली पाहिजेत. २९ सप्टेंबरनंतर लाखोंनी जे केले, त्यातील थोडे जरी दहा-बारा जणांनी २९ सप्टेंबरपूर्वी केले असते, तर प्रियंका आज चाळिशीकडे झुकली असती.