कुणपजल आणि आजचें खत : ग्रंथाधाराची एक चिकित्सा

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेतीविषयीं जें लेखन मराठींत व इतर देशी भाषांत होत आहे, त्यांत संस्कृत ग्रंथांचा हवाला देण्याची चाल वाढत चालली आहे. रासायनिक खतांचा निषेध करावयाचा असला म्हणजे सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' पुढें करावयाचा, पराशराचें नांव घ्यावयाचें, आणि आपल्या पूर्वजांनीं हें सर्व हजार वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें आहे असा निकाल द्यावयाचा, असा हा क्रम आहे. निकाल बरोबर कीं चूक हें कृषिशास्त्रज्ञ पाहतील. परंतु ज्या ग्रंथांच्या नांवानें तो दिला जातो ते ग्रंथ काय म्हणतात, हें पाहण्याचें काम पोथ्या जमविणाऱ्या व वाचणाऱ्या मंडळींचें आहे, आणि तें आपण केलें नाहीं तर दुसरें कोणी करणार नाहीं.

विषय केवळ विद्वज्जनांच्या करमणुकीचा राहिलेला नाहीं. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मान्यता दिली. त्यासाठीं २,४८१ कोटी रुपयांची तरतूद असून साडेसात लाख हेक्टर जमीन व एक कोटी शेतकरी त्याच्या कक्षेंत आणावयाचे आहेत. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या भोंवतीं प्राचीन वचनांचा जो जयघोष चालतो, त्यांतील वचनें तरी खरीं असावींत, एवढी अपेक्षा अवास्तव नाहीं.

प्रथम सुरपाल. हा भीमपाल राजाच्या पदरचा वैद्य. त्याचा काळ सामान्यतः इ. स. १००० च्या सुमारास धरतात. ग्रंथ सुमारें सव्वातीनशे श्लोकांचा. त्याची पोथी ऑक्सफर्ड येथील बॉडलीयन ग्रंथालयांत आहे. श्री. राहुल पीटर दास यांनीं १९८८ मध्यें स्टुटगार्ट येथून जर्मन भाषेंत याचें चिकित्सक संपादन प्रसिद्ध केलें. त्यानंतर सिकंदराबादच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशननें, डॉ. य. ल. नेने यांच्या पुढाकारानें, श्रीमती नलिनी साधले यांचें इंग्रजी भाषांतर १९९६ मध्यें छापिलें. हें भाषांतर झालें नसतें तर या ग्रंथाचें नांव शेतकऱ्यापर्यंत पोंचलें नसतें, आणि त्या संस्थेचे आपणां सर्वांवर उपकार आहेत. तक्रार आहे ती पुढील लेखकांविषयीं. त्यांच्या पुस्तिकांत १९८८ च्या आवृत्तीचा नामनिर्देशही आढळत नाहीं; एका भाषांतरावरून दुसरें, दुसऱ्यावरून तिसरें, अशी नक्कल चालते, आणि प्रत्येक नकलेगणिक मूळ ग्रंथ थोडा झिजतो.

कोठें झिजतो, तें कुणपजलाच्या उदाहरणानें दाखवितां येईल. 'कुणप' शब्दाचा अर्थ शव, मृत देह. सुरपालानें सांगितलेली कृति नांवाप्रमाणेंच आहे. डुक्कर, मासे, मेंढी, बोकड इत्यादि प्राण्यांचें मांस, मेद व मज्जा पाण्यांत शिजवावयाची. तें मडक्यांत घालून त्यांत दूध, तिळाच्या पेंडीचें चूर्ण, मधांत शिजविलेले उडीद, तूप व ऊन पाणी मिसळावयाचें. आणि मडकें उबदार जागीं सुमारें पंधरा दिवस ठेवावयाचें. प्रमाण ठरलेलें नाहीं, असें ग्रंथकार स्वतःच सांगतो. आतां आजच्या पुस्तिकांत 'हरित कुणपजल' म्हणून जें छापिलें जातें त्यांत मांस नाहीं, मेद नाहीं, मज्जा नाहीं. तेथें पालापाचोळा, तण व शेण-गोमूत्र आहे. हा बदल कोणीं आपल्या रुचीप्रमाणें केला तर त्याला हरकत घेण्याचें कारण नाहीं; तणांच्या काढ्यानें झाडास पोषण मिळतही असेल. मात्र मांसाचें शव काढून टाकून त्याच्या जागीं पाला घालावयाचा, आणि वर 'सुरपालोक्त' अशी मुद्रा उठवावयाची, हें पाठांतर नव्हे, पाठभेदही नव्हे. सरळ प्रक्षेप आहे. एखाद्या लेखकानें ज्ञानेश्वरींत स्वतःची ओवी घुसडली तर आपण काय म्हणतों?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे ग्रंथ कोणाच्या झाडांसाठीं लिहिले? शार्ङ्गधराच्या पद्धतींत (इ. स. १३६३) हाच विषय ज्या प्रकरणांत येतो त्याचें नांव 'उपवनविनोद' आहे, गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं तें १९३५ मध्यें कलकत्त्यास स्वतंत्र छापिलें. नांवांतच सर्व आलें. राजाच्या व धनिकाच्या बागेंत अकाळीं फूल कसें आणावें, फुलाचा रंग कसा पालटावा, फळांत बी राहूं नये म्हणून काय करावें, अशा नवलाच्या गोष्टींस यांत मोठें स्थान आहे. झाडांस वात-पित्त-कफ कल्पून त्यांची चिकित्साही सांगितली आहे. दूध, तूप व मध यांचा सढळ उपयोग त्या मानानेंच समजावयाचा. एका आंब्याच्या आळ्यांत तूप ओतणें राजाला शक्य होतें. बाजरीच्या शेतांत तें ओतण्याचा विचार कोणत्याही कुणब्याच्या मनांत आला नसेल. वृक्षायुर्वेद हा उद्यानाचा ग्रंथ आहे. त्यास अन्नधान्याच्या प्रश्नावर साक्षीस बोलावणें म्हणजे पाकशास्त्राच्या पुस्तकावरून दुष्काळी कामांचा आराखडा करण्यासारखें आहे.

धान्याचा ग्रंथ पाहावयाचा तर 'कृषिपराशर' पाहावा. याची आवृत्ति मजुमदार व सुरेशचंद्र बॅनर्जी यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतर्फे १९६० मध्यें काढिली. संपादकांनीं त्याचा काळ इ. स. ९५० ते ११०० च्या दरम्यान धरला. फाउंडेशनच्या १९९९ च्या भाषांतरांत तो इसवी सनापूर्वीं सुमारें ४०० असा मागें नेला आहे. दीड हजार वर्षांचें हें अंतर आहे, आणि लोकप्रिय पुस्तिकांतून अर्थातच जुनी तारीख निवडली जाते. असो. या ग्रंथांत पाऊस ओळखण्याचीं लक्षणें, नांगराचे अवयव, बैलांची निगा, बियाणें राखण्याची रीत हें सर्व आहे, आणि खताविषयीं जें आहे तें साधें व शहाणपणाचें आहे : माघांत शेणाचा ढीग उकरावा, उन्हांत वाळवून त्याचे गोळे करावे, फाल्गुनांत शेतोशेतीं खड्ड्यांत घालावे व पेरणीच्या वेळीं पसरावे; खतावांचून धान वाढतें, पण फळत नाहीं. कुणपजलाचें नांवही येथें नाहीं. मात्र पिकावरील कीड घालविण्यासाठीं लिहून शेतांत बांधावयाचा मंत्र आहे, तो आजचे उतारेकार सोडून देतात. मंत्र सोडावयाचा तर तो का सोडिला हें सांगावें, आणि त्याच न्यायानें शेणाची परीक्षाही होऊं द्यावी. ग्रंथप्रामाण्य अर्धें मानतां येत नाहीं.

नांगराविषयीं पराशराचें वचन प्रसिद्ध आहे. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा व्यवहाराचा, चारांचा निर्दयाचा, आणि दोनांचा गाय खाणाऱ्याचा. उलट आज सांगितलें जातें कीं एका देशी गाईवर तीस एकर शेती होते. दोहोंचा विषय वेगळा, एक ओढीचा व दुसरा खताचा, हें मला ठाऊक आहे. तरीही पराशराच्या शेतकऱ्याच्या गोठ्यांत किती जनावरें होतीं, व म्हणून त्याच्या ढिगांत किती शेण होतें, हें या वचनावरून कळतें. तो ढीग एका गाईपासून होत नाहीं.

एका गाईचें हें मत अमरावती जिल्ह्यांतील श्री. सुभाष पाळेकर यांचें. त्यांचें 'जीवामृत' ही त्यांची स्वतःची कृति आहे. मीं पाहिलेल्या कोणत्याही वृक्षायुर्वेदांत ती नाहीं, आणि ती प्राचीन म्हणून सांगणारे त्यांच्यावरही अन्याय करितात. दहा किलो शेण, पांच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचें पीठ व मूठभर माती, हें दोनशे लिटर पाण्यांत कालवून एका एकरास द्यावयाचें. शाळेंत अंकगणित शिकविलेल्या माणसास येथें हिशेब केल्यावांचून राहवत नाहीं. या सर्व जिनसांतील नत्र मिळून सव्वादोनशे ग्रॅमच्या आंतबाहेर भरतें. हंगामांत पांच वेळां दिलें तरी किलोभर. दहा क्विंटल भात पिकविण्यास पिकाला पंधरा ते वीस किलो नत्र लागतें. यावर उत्तर असें देतात कीं जीवामृत हें अन्न नव्हे, विरजण आहे. तें मातींतील जीवाणूंस जागें करितें. उत्तर हास्यास्पद नाहीं. पण दुधावांचून विरजण लागत नाहीं, आणि मातींतलें तें दूध कोठून येतें व किती वर्षें पुरतें, हें शेतावर वर्षानुवर्षें मोजून ठरविण्याचें आहे. कोणत्याही श्लोकानें तें ठरत नाहीं.

दुसऱ्या पक्षाची बाजू निर्मळ आहे असें कोणीं समजूं नये. १९५०-५१ मध्यें देशांत सुमारें ५ कोटी टन धान्य झालें, २०२३-२४ मध्यें ३३ कोटी टनांवर गेलें. १९६६ सालीं एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावें लागलें होतें, तो देश आज तांदूळ निर्यात करितो. हें संकरित बीं, कालवे, विहिरी व कारखान्यांतील नत्र यांमुळें झालें. परंतु पंजाबांत जमिनींत जेवढें पाणी दरवर्षीं मुरतें त्याच्या दीडपटीहून अधिक उपसलें जातें, आणि स्वस्त यूरियामुळें नत्राचा मारा प्रमाणाबाहेर होतो. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें कंपोस्टाची पद्धति बसवून १९४० च्या आपल्या ग्रंथांत जी सूचना दिली ती आज अधिक ऐकण्यासारखी आहे. हॉवर्डनें मात्र मोजून लिहिलें.

मोजल्यावांचून उडी घेतली म्हणजे काय होतें तें श्रीलंकेनें दाखविलें. तेथें मे २०२१ मध्यें रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकीं बंदी आली. भाताचें उत्पन्न खालावलें, चहाच्या मळ्यांस फटका बसला, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि नोव्हेंबरांत बंदी उठवावी लागली. परकीय चलनाची टंचाई हेंही त्या संकटाचें एक कारण होतें, हें खरें. पण चुकीची शिक्षा शेतकऱ्यानें व खाणाऱ्यानें भोगली.

आपल्या प्रांतांत रासायनिक खताचा कणही नव्हता तेव्हां अन्न विपुल होतें, अशीही एक समजूत या लेखनाच्या मुळाशीं असते. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोकांनीं पिढ्यान् पिढ्या ठेविली. १६३०-३२ च्या दुष्काळाचें वर्णन बादशहानाम्यांत आहे. त्या वर्षीं दक्षिणेंतील जमिनींत शेणाखेरीज कांहीं पडत नव्हतें. पाऊस गेला, लढाया चालू होत्या, धान्य हलविण्याची सोय नव्हती. खताचा प्रकार येथें गौण होता.

मग जुन्या शेतीचें खरें उत्पन्न किती होतें? हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि त्याचें साधन संस्कृत पोथींत नसून आपल्याच दप्तरांत आहे. घरोघरच्या मोडी रुमालांत पाहणीचे कागद, इस्ताव्याचे कौल, तगाईचे हिशेब, धान्याचे भाव, कोठारांतील आवक-जावक हें पडून आहे. टॉमस कोट्स यांनीं पुण्याजवळच्या लोणी गांवाचा १८२३ मध्यें छापलेला वृत्तांत व हॅरल्ड मॅन यांचा १९१७ चा दख्खनी खेड्याचा अभ्यास हे पडताळ्यास उपलब्ध आहेत. एका गांवचे पन्नास वर्षांचे कागद लागले तर बिघ्यास किती मण जोंधळा होई, कोणत्या जमिनीस किती वर्षें पडीक ठेवीत, खताची गाडी कशी विकली जाई, हें लिहितां येईल. संग्राहक मात्र सनदा व पत्रें जपतात आणि धान्याचे हिशेब रद्दी म्हणून बाजूस टाकतात. असे गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेलेले मीं पाहिले आहेत.

ज्यांच्याजवळ असे रुमाल आहेत त्यांनीं नकला करितांना मापें जशींच्या तशीं उतरावीं. पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, हें कोष्टक सर्वत्र एक समजण्यांत येतें. पण हाताची लांबी गांवोगांव बदलते, आणि पायली तर शेजारच्या बाजारांतही सारखी नसते. कागदाच्या कडेस 'अमक्या पेठेच्या मापानें' असें लिहिलेलें असेल तर तें टाकूं नये. त्या चार शब्दांवांचून बाकीचा हिशेब निरुपयोगी आहे.