हार्वेच्या चित्रातला हात

नववीच्या वर्गात फळ्यावर हृदय काढायला घेतलं की दोन प्रश्न ठरलेले. हृदयाची डावी बाजू कागदावर उजवीकडे का? आणि शिरेतलं रक्त खरंच निळं असतं का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. दुसऱ्या गोंधळात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. धमनीला रोहिणी म्हणायचं आणि शिरेला नीला, म्हणजे नावातच रंगपेटी उघडून ठेवलेली. ते रक्त लालच असतं, जरा गडद. पण पोरं मनगटावरची निळसर रेघ बघत बसतात आणि माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

मग मी आकृती पुसते आणि इंग्रज वैद्य विल्यम हार्वेच्या पुस्तकातलं हाताचं चित्र भिंतीवर लावते. हृदय आणि रक्त यांच्या गतीवरचं हे लॅटिन पुस्तक 1628 साली फ्रँकफर्टला छापलं गेलं. जेमतेम 72 पानांचं.

चित्रात नुसता हात आहे. कोपराच्या वर पट्टी आवळलेली, मुठीत काठी धरलेली. त्या काळी रक्त काढायचं असलं की रोग्याला असंच बसवत, म्हणजे वाचकाला ही बैठक ओळखीची. शिरा फुगल्या आहेत आणि त्यांच्यावर ठरावीक अंतराने गाठी दिसतात, उसाच्या पेरांसारख्या. या गाठी म्हणजे शिरेतल्या झडपा. त्यांचं वर्णन हार्वेचे पादुआतले गुरू फॅब्रिशियस यांनी 1603 मध्येच छापलं होतं, आणि चित्राचा मूळ नमुनाही त्यांचाच. झडपा रक्ताचा वेग आवरतात, ते हातापायांत साचू देत नाहीत, एवढंच त्यांना वाटलं. शिष्याने त्याच चित्रात एक बोट घातलं. माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा जीव त्या बोटात आहे.

कष्टकऱ्यांच्या हातावर या गाठी चांगल्या दिसतात, असं हार्वे लिहून ठेवतो. आमच्या वर्गात हा मान रोज पहाटे दोन म्हशींची धार काढून शाळेत येणाऱ्या मुलाला मिळाला. पट्टी लागलीच नाही, हात नुसता खाली सोडला तरी शिरा तटतटून आल्या. एका बोटाने मनगटाजवळची शीर दाबून धरायची. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, गाठीच्या पलीकडपर्यंत, रक्त निपटून न्यायचं आणि ते दुसरं बोट उचलायचं. मधली शीर चपटीच राहते. वरून थेंबही परत येत नाही. आता मनगटावरचं बोट उचला, शीर खालून टचकन भरते. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर वन-वे!" हार्वेला तेराव्या प्रकरणात हेच पटवायचं होतं.

मला मात्र त्याहून आवडतो तो नवव्या प्रकरणातला हिशेब. खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त होतं आणि शरीर ते वापरून संपवतं, हे प्राचीन वैद्य गेलनचं मत तोवर चालत आलेलं. हार्वे वाद घालत नाही, सवलत देतो. ठोक्याला अर्धाच औंस रक्त बाहेर पडतं म्हणा, आणि अर्ध्या तासात ठोके हजारच धरा. तरी 500 औंस होतात, म्हणजे चौदा किलोच्या आसपास. अर्ध्या तासात एवढं रक्त तयार व्हायला माणसाने खायचं तरी किती? पटत नसेल तर तो ठोक्याचं माप आणखी खाली आणतो, तरी गेलनचा हिशेब जुळत नाही. म्हणजे तेच रक्त फिरून येत असणार. घासाघीस करताना गिऱ्हाइकाने सांगितलेल्या भावातच त्याला गप्प करणाऱ्या दुकानदारासारखी ही रीत आहे. आज आपण ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर धरतो आणि मिनिटाला 70 ठोके, म्हणजे दर मिनिटाला जवळपास पाच लिटर. मुलं स्वतःची नाडी मोजून हा गुणाकार करतात आणि मग बाटल्या मोजायला लागतात.

पुस्तक सगळंच असं नाही. पहिला चार्ल्स राजा याला वाहिलेली अर्पणपत्रिका पक्की दरबारी आहे. हृदय म्हणजे देहाचा राजा, देहाचा सूर्य, वगैरे. ती ओलांडून पुढे जावं. कारण आत हाच माणूस त्या राजाला साध्या स्नायूसारखा तपासतो. आकुंचन पावताना हृदय दंडाच्या स्नायूसारखं टणक होतं, ढकलण्याचं काम तेव्हाच होतं, हे त्याने बोटांनी चाचपून पाहिलं. माणसाच्या हृदयाची घाई डोळ्यांना झेपत नाही, म्हणून त्याने साप, मासे, बेडूक यांची संथ हृदयं निवडली. शिकवणाऱ्याने उचलावी अशी ही युक्ती आहे.

एक दुवा मात्र त्याच्या हाती लागला नाही. धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कुठून जातं? ते जातं एवढं त्याने सिद्ध केलं, वाट दाखवता आली नाही. हार्वे 1657 मध्ये वारला. चार वर्षांनी, 1661 मध्ये, इटलीतल्या माल्पिगी या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली धमनी आणि शिरा जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या, त्या बेडकाच्या फुप्फुसात. बेडूक हार्वेच्या टेबलावरही होतेच.