हिशोबात न मावणारं चर्च : पॅरिशचा वार्षिक अहवाल सोर्स म्हणून वाचताना

स्थानिक संस्थांवर पीएचडी करायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो : वार्षिक अहवाल मिळव, दहा-पंधरा वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये भर, ट्रेंड काढ. सल्ला वाईट नाही, फक्त अर्धा आहे. अहवालात काय नसतं आणि ते का नसतं, हे माहीत नसेल तर आकडे बरोबर येतात आणि निष्कर्ष चुकतो. आज त्यासाठी इंग्लंडमधल्या अँग्लिकन पॅरिश चर्चचा वार्षिक अहवाल घेऊ. हा प्रकार इतका नियमबद्ध आहे की त्यातली भोकं सुद्धा नियमाने पडलेली आहेत, म्हणून शिकायला उत्तम.

आधी थोडी व्यवस्था समजून घ्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये सुमारे १२,५०० पॅरिश आहेत. प्रत्येक पॅरिशचा कारभार पॅरोकियल चर्च कौन्सिल, म्हणजे पीसीसी, बघते. व्हिकर तिचा अध्यक्ष, दोन चर्चवॉर्डन, एक खजिनदार, एक सेक्रेटरी आणि निवडून आलेले सभासद. पूर्वी हे काम व्हेस्ट्री नावाची गावसभा करायची आणि खर्चासाठी गावावर चर्चचा करही बसवता यायचा. ती सक्ती १८६८ साली गेली आणि १९२१ च्या कायद्यानंतर पीसीसीला आजचं रूप आलं. दरवर्षी ३१ मेच्या आत पॅरिशची वार्षिक सभा घ्यावी लागते. तिच्यापुढे अहवाल आणि तपासलेले हिशोब ठेवले जातात.

त्याच दिवशी सहसा अजून एक छोटी सभा होते, चर्चवॉर्डन निवडायची. तिथे पॅरिशच्या हद्दीत राहणारा, स्थानिक मतदार यादीत नाव असलेला कुणीही मत देऊ शकतो. धर्माची अट नाही. कॉमनवेल्थ देशांचे नागरिक तिथल्या यादीत नाव घालू शकतात. म्हणजे लेस्टरला भाड्याच्या खोलीत राहणारी आपली एखादी नाशिकची मुलगी, यादीत नाव असेल तर, चर्चवॉर्डनच्या निवडणुकीत हात वर करू शकते. फील्डवर्कला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, सभेला बसायला यापेक्षा सरळ वाट नाही.

आता अहवाल. मी वाचलेल्या बहुतेक अहवालांची भाषा एकाच साच्यातून आलेली वाटते, आणि त्याला कारण आहे. हा कागद एकाच वेळी तीन वाचकांसाठी लिहिलेला असतो : पॅरिशमधली माणसं, डायोसिसचं ऑफिस आणि चॅरिटी कायदा. कायद्यासाठी सार्वजनिक हिताचा परिच्छेद टाकावाच लागतो, तो बहुधा मागच्या वर्षीचाच चिकटवलेला. डायोसिससाठी उत्साह लागतो. पॅरिशच्या माणसांसाठी मात्र कधीकधी एखादं खरं वाक्य निसटतं, ते बहुतेक खजिनदाराच्या टिपणात सापडतं. 'बॉयलरकडे लक्ष ठेवून आहोत' हे वाक्य एका फाइलमध्ये मला सलग चार वर्षं दिसलं. पाचव्या वर्षी बॉयलरचं बिल आलं. माझ्या दृष्टीने त्या अहवालांत सगळ्यात प्रामाणिक इतिहास त्या बॉयलरचा होता.

गंभीर मुद्दा पुढे आहे. या हिशोबात चर्च चालवण्याच्या तीन सगळ्यात मोठ्या गोष्टी एकतर नसतात किंवा वेष बदलून येतात.

पहिली गोष्ट इमारत. ताळेबंदात शोधा, सापडणार नाही. हिशोबाच्या धोरणात एक ठराविक ओळ असते : अर्पित आणि बेनिफिसची मालमत्ता चॅरिटी कायद्यानुसार या हिशोबातून वगळली आहे. कायदेशीर कारण आहे, ही इमारत पीसीसीच्या मालकीची नसतेच. पण दुरुस्तीची जबाबदारी पीसीसीचीच. म्हणजे मालमत्तेच्या बाजूला शून्य आणि खर्चाच्या बाजूला छप्पर, गटारी, शिशाचे पत्रे, मनोऱ्याचा दगड. चर्च ऑफ इंग्लंडच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त चर्च इमारती वारसा यादीत आहेत, त्यामुळे दुरुस्ती स्वस्तात उरकता येत नाही. बदल करायचा तर 'फॅकल्टी' नावाची चर्चची स्वतःची परवानगी काढावी लागते.

आता यातली खरी मेख बघा. दुरुस्ती न करणं हिशोबात कुठेच खर्च म्हणून दिसत नाही. समजा एका पॅरिशने छपराचं काम तीन वर्षं पुढे ढकललं. त्या तीनही वर्षांत तुमच्या एक्सेलमध्ये शिल्लक दिसेल आणि तुम्ही लिहाल, 'पॅरिशची आर्थिक स्थिती स्थिर'. चौथ्या वर्षी मोठी तूट दिसेल आणि तुम्ही त्या वर्षी काय बिघडलं ते शोधत बसाल. बिघडलं होतं आधीच. यावर उपाय एकच : दर पाच वर्षांनी आर्किटेक्ट किंवा सर्व्हेअर इमारतीची तपासणी करतो, त्याचा अहवाल हिशोबाच्या शेजारी ठेवून वाचायचा. १९५५ पासून ही तपासणी कायद्याने ठरलेली आहे. त्यात कुठलं काम तातडीचं आणि कुठलं थांबू शकेल हे लिहिलेलं असतं. पॅरिशचं न दिसणारं देणं तिथे आहे.

दुसरी गोष्ट खुद्द व्हिकर. त्याचा किंवा तिचा पगार पॅरिशच्या हिशोबात नसतो. तो डायोसिसमार्फत मिळतो, राहायचं घरही तिकडूनच. पॅरिश आपल्या परीने डायोसिसला एक रक्कम देते. तिचं नाव डायोसिसप्रमाणे बदलतं : पॅरिश शेअर, कॉमन फंड, जुन्या कागदांत कोटा. बहुतेक पॅरिशांच्या खर्चातली ही सगळ्यात मोठी ओळ. पण ती ओळ म्हणजे तुमच्या व्हिकरचा पगार असं समजू नका. सूत्र प्रत्येक डायोसिसचं वेगळं. कुठे उपस्थितीवर, कुठे उत्पन्नावर, कुठे वस्तीच्या आर्थिक परिस्थितीवर. श्रीमंत पॅरिश आपल्या खर्चाहून जास्त देते, गरीब पॅरिश कमी, आणि मधला फरक डायोसिसच्या वहीत मिटतो.

शिवाय ही रक्कम कायद्याने वसूल करता येत नाही, ऐच्छिक मानली जाते. म्हणून ती थकली तरी बरेचदा पॅरिशच्या ताळेबंदात देणं म्हणून उभी राहत नाही. एखादी पॅरिश मागितलेल्या रकमेच्या निम्मी देऊन कागदोपत्री नीटनेटकी दिसू शकते.

याची एक गंमत सांगतो. व्हिकर बदलून गेला आणि वर्षभर जागा रिकामी राहिली, तर चर्चच्या आयुष्यात केवढी उलथापालथ होते. चर्चवॉर्डन धावपळ करतात, निवृत्त धर्मगुरूंना फोन करकरून रविवार भरावे लागतात. हिशोबात? जवळपास काहीच हलत नाही. फक्त 'क्लर्जी एक्स्पेन्सेस' ही बारीकशी ओळ, प्रवास आणि फोनची, खाली येते. रिकामी जागा ओळखायची ती त्या ओळीवरून.

तिसरी गोष्ट माणसांचे हात. फुलं लावणारे, झाडलोट करणारे, घंटा वाजवणारे, चहा करणारे, दानाचे पैसे मोजणारे. स्वयंसेवकांच्या वेळेची किंमत हिशोबात धरत नाहीत, नियमच तसा आहे. फार तर अहवालाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद येतो. म्हणून पगारी व्यवस्थापक ठेवणारं शहरी चर्च 'खर्चिक' दिसतं आणि तेच काम चार आजी करतात ते खेड्यातलं चर्च 'काटकसरी'. आजी थकल्या की काय होणार, याचा आकडा कुठेच नाही.

उत्पन्नाबद्दल थोडक्यात. नियमित देणगी, थाळीतले पैसे, हॉलचं भाडं, लग्न-अंत्यविधींच्या फीमधला पॅरिशचा वाटा, जत्रेसारखे कार्यक्रम, आणि अधूनमधून मृत्युपत्रातून आलेली रक्कम. करदात्याने गिफ्ट एडची नोंद केली असेल तर दर पाऊंडामागे २५ पेन्स सरकारकडून परत मिळतात. देणग्या न वाढता गिफ्ट एडचा आकडा वाढला तर बहुधा फॉर्म भरून घेणारा कुणी चिकाटीचा माणूस मिळालेला असतो. आणि फंडांचे रंग बघायला विसरू नका. समजा खात्यात १,८०,००० पाऊंड आहेत, पण त्यातले १,६०,००० कुणीतरी फक्त घंटांसाठी ठेवलेले आहेत. ते निर्बंधित आहेत, त्यातून विजेचं बिल भरता येत नाही. एकूण बेरीज घेऊन 'श्रीमंत पॅरिश' म्हणणारे प्रबंध मी वाचले आहेत.

हे सगळं नुसतं तांत्रिक नाही. याच आकड्यांवरून एखाद्या पॅरिशला स्वतःचा व्हिकर ठेवायचा की चार-पाच पॅरिश एकत्र करून एकाकडे सोपवायच्या, हे ठरतं. 'परवडत नाही' हा शब्द तिथे निर्णायक असतो. पॅरिशकडचे लोक मग विचारतात की चर्च कमिशनर्सकडे १० अब्ज पाऊंडांहून मोठा निधी असताना आमचंच गणित का मांडता. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. पण तुमच्या प्रबंधातला तक्ता कुणाच्या तरी हातात पुरावा म्हणून जाऊ शकतो, हे खरं आहे.

आता तुलनेला एक पुस्तक : इमन डफी यांचं 'द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' (२००१). डेव्हनमध्ये एक्समूरच्या कडेला मोरबाथ नावाचं ३३ घरांचं गाव. तिथे १५२० ते १५७४ एकच धर्मगुरू होता, सर ख्रिस्तोफर ट्रिकी. चर्चवॉर्डनांचे हिशोब तो स्वतःच्या हाताने लिहायचा आणि गावापुढे मोठ्याने वाचायचा. आपल्याकडे यात्रा संपली की देवळात जमाखर्च वाचतात, कुणाची वर्गणी किती ते नावानिशी, तसंच काहीसं. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या घरोघर सांभाळायला दिलेल्या, त्यांची लोकर, चर्चसाठी काढलेल्या बिअरच्या मेजवानीची कमाई, सगळं नावासकट. ट्रिकीने अंत्यविधींसाठी काळ्या वस्त्रांचा संच घ्यायला सुमारे वीस वर्षं पैसे साठवले. १५४७ ला तो घेतला आणि थोड्याच काळात ते विधीच बंद झाले.

पुस्तकाचा कळस म्हणजे १५४९ ची एक नोंद : पाच तरुणांना 'सेंट डेव्हिड्स डाउन'ला पाठवायला दिलेले पैसे. जुन्या छापील आवृत्तीत जागेचं नाव वेगळं वाचलं गेलं होतं. डफी यांनी हस्तलिखितावरून ते दुरुस्त केलं आणि दाखवलं की ही जागा म्हणजे एक्सेटरबाहेरची बंडखोरांची छावणी. नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्धच्या बंडाला गावाने चर्चच्या वहीतून पैसा पुरवला होता. एका स्थळनामावर एवढा इतिहास उभा आहे. म्हणून मूळ कागद बघा म्हणतात.

माझी तक्रार शीर्षकापुरती आहे. 'व्हॉइसेस' अनेकवचनी आहे, वही मात्र एकाच हाताची. वॉर्डन 'मी' म्हणून बोलतात, त्यांत काही विधवा बायकाही आहेत, पण लेखणी धर्मगुरूची. डफी यांना हे पक्कं माहीत आहे, ते सांगतातही. तरी पुस्तक संपेपर्यंत ट्रिकीचं दुःख हे गावाचं दुःख होऊन जातं. ज्यांना नव्या धर्मरचनेने हायसं वाटलं असेल अशी दोन-चार घरं मोरबाथमध्ये असतील, तर त्यांना या वहीत जागा नाही.

तरीही ट्रिकीची वही आणि आजचा अहवाल शेजारी ठेवले तर एक गोष्ट बोचते. आजचा हिशोब जास्त अचूक आहे, तो बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसाने बघितलेला आहे (हे ऑडिट नव्हे, शंका घेण्यासारखं काही आढळलं नाही, इतकंच तो म्हणतो). पण मेंढी कुणाकडे होती ते त्यात नाही.

शेवटी सॅम्पलबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रबंध इथे घसरतात. चॅरिटी कमिशनच्या वेबसाइटवर हिशोब आयते मिळतात. पण ज्या पीसीसीचं वार्षिक उत्पन्न १,००,००० पाऊंडांच्या आत आहे तिला तिथे नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे तुम्ही आयत्या डाउनलोडवर 'इंग्लंडमधल्या पॅरिशांची आर्थिक स्थिती' लिहिलीत तर मोठ्या पॅरिशांबद्दल लिहिलंत. लहान पॅरिशचे हिशोब सभेआधी सात दिवस चर्चच्या फलकावर लागतात, आणि लेखी मागितले तर प्रत द्यावी लागते. पत्र पाठवा, सभ्य भाषेत, प्रतीचा खर्च देऊ असं लिहून. तसंच २,५०,००० पाऊंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना साधा जमाखर्च चालत आला आहे, त्याहून मोठ्यांना देणी-येणी धरून हिशोब मांडावे लागतात. या दोन पद्धतींचे आकडे एकाच कॉलममध्ये टाकू नका. डिसेंबरचा हप्ता जानेवारीत भरला, एवढ्यानेच एका पद्धतीत वर्ष चांगलं दिसतं.

मुंबई-पुण्याच्या जुन्या अँग्लिकन चर्चांवर हेच करायचं का, असं कुणीतरी विचारणारच. तिथली व्यवस्था वेगळी. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि ही चर्चेस त्यात गेली. वर आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. तिथली फाइल कशी मागायची, ते पुढच्या पोस्टमध्ये.