ॲडमिन झोपला होता का?

मंडळी, आपल्या पट्ट्यातले ग्रुप मोजायला बसलो तर रात्र पुरायची नाही. शिफ्टचा ग्रुप, कंपनीच्या बसचा, मोशीतल्या सोसायटीचा, गावाकडचा. कधी तरी त्यात कुणी एका बाईला उद्देशून घाण लिहितो, बाकीचे गप्प बसतात आणि मग आपण विचारतो, ॲडमिन काय झोपला होता का?

हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला होता. गोंदिया जिल्ह्यातलं 2016 चं प्रकरण. सदस्याने ग्रुपवर एका महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली; ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, अशी तक्रार. 1 मार्च 2021 रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. समान इरादा किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजचा गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही, असं त्यांनी म्हटलं.

निकाल आपल्याला पटतो. उलटा लागला असता तर प्रत्येक ॲडमिन अंग वाचवायला लागला असता. चाकणला ॲडमिन बहुतेकदा कोण असतो? सुपरवायझर, नाही तर ठेकेदाराचा माणूस. त्याने आधी काय उडवलं असतं, शिवी की ओव्हरटाइम मिळाला नाही हा मेसेज? तुम्हीच सांगा.

पण निकालाचा एक आधार पातळ झालाय. न्यायालयाचा बराच भर ॲडमिनच्या मर्यादित अधिकारावर होता: माणूस जोडणं, माणूस काढणं, एवढंच. दुसऱ्याचा मेसेज काढणं तेव्हा खरंच त्याच्या हातात नव्हतं. 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढायची सोय दिली. एकेक मेसेज आधी तपासून रोखणं आजही त्याच्या हातात नाही. पण रात्रभर तसाच ठेवणाऱ्याला 'माझ्या हातात काय होतं' असं आता म्हणता येणार नाही. त्याला तुरुंगात घाला, असं आपण म्हणत नाही. जाब विचारा, एवढंच.

सरकारचा उपाय दुसऱ्या टोकाचा. 2021 च्या आयटी नियमांत मेसेज मुळात कुणी पाठवला ते शोधून देण्याची अट आली आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एकाला शोधायला सगळ्यांच्या पत्रांवर खूण ठेवायची! अहो, या बाईच्या बाबतीत शोधायचं काय आहे? पाठवणाऱ्याचा नंबर मेसेजवरच आहे.

त्यापेक्षा रिपोर्टची वाट बरी. तुम्ही रिपोर्ट केलात की त्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, त्याला कळत नाही. पत्र कुणी बाहेरून फोडलेलं नसतं. ज्याला आलं त्यानेच दाखवलेलं असतं.

कामाच्या ठिकाणचा ग्रुप असेल तर 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, त्याहून छोट्या वर्कशॉपसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. कलम 16 प्रमाणे तक्रारीतला मजकूर आणि नावं बाहेर जाहीर करता येत नाहीत. पण तक्रार तीन महिन्यांत करायची असते आणि ॲडमिनने मेसेज उडवला की पुरावाही गेला. म्हणून काढा म्हणायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि नंबर दिसेल असा. आणि तो त्याच ग्रुपवर टाकू नका.