‘जडवादा’तील अनुपस्थित ‘मी’

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ सालचा, खानदेशाच्या पश्चिम टोकाला पिंपळनेर येथे. पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन, १९२३ मध्ये कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी, मानवेंद्रनाथ रॉय यांचा सहवास आणि १९४१ चा ‘जडवाद’. शास्त्री परंपरेतून निरीश्वरवादाकडे झालेल्या या प्रवासाचा आत्मगत वृत्तान्त मात्र या ग्रंथात शोधू जाता हाती लागते ते तात्त्विक खंडनमंडन. ईश्वर येथे एक सिद्धान्त. प्रमाणे ढासळली की तो निकालात निघतो. संध्या सुटलेल्या पहिल्या सकाळी मनाचे काय झाले, हा प्रश्न ग्रंथाच्या कक्षेतच येत नाही.

खानदेशाच्या दुसऱ्या टोकाला, बोदवडला, हरिनाम सप्ताहांत वाढून पुढे नास्तिक झालेल्या प्रस्तुत लेखकाला ही उणीव दीर्घकाळ सलत आली. आमच्या घरी देव म्हणजे आईची पहाटेची काकडआरती. तिचे खंडन कोणत्या प्रमाणाने करावे?

तथापि एका गोष्टीची नोंद घ्यावीच लागते. जडवादी झाल्यावरही तर्कतीर्थांनी ‘धर्मकोशा’चे संपादन सोडले नाही. ज्या वचनांचे प्रामाण्य नाकारले, तीच पाठभेदांसह अखेरपर्यंत जुळवीत राहिले. त्यांचे न लिहिलेले आत्मकथन, असलेच तर, ‘जडवादा’पेक्षा या कामात अधिक आहे, असे मला वाटते. आईच्या पोथीचे कापड मीही दरवर्षी बदलतो.