पाण्याचा डबा आणि डिझेलचा हिशेब

डिझेल इंजिनाला पाण्याचा एक डबा जोडायचा. बॅटरीच्या विजेने पाण्याचे विघटन होते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन हवेबरोबर इंजिनात जातात. त्यामुळे वीस-तीस टक्के डिझेल वाचते, असा 'एचएचओ किट' विकणाऱ्यांचा दावा असतो. परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या गावात नांगरणीपासून मालवाहतुकीपर्यंत सारे डिझेलवर चालते. तेथे असा दावा मोह पाडणारच. तो तपासायला मात्र शालेय विज्ञान पुरते.

बॅटरीतील वीज फुकट नसते. ती इंजिनच अल्टरनेटर फिरवून तयार करते. डिझेलच्या 100 एकक ऊर्जेतून इंजिन सुमारे 35 एकक कार्य देते. ते सगळे अल्टरनेटरला दिले, तर साधारण 21 एकक वीज मिळेल. विघटनानंतर हायड्रोजनमध्ये 13 एकक उरतील आणि तो इंजिनात जाळल्यावर कार्य मिळेल जेमतेम साडेचार एकक! म्हणजे 35 घालून साडेचार परत.

यावर विक्रेते म्हणतात, "हायड्रोजन इंधन म्हणून नाही, डिझेल पूर्ण जळावे म्हणून घालतो." पण सुस्थितीतील इंजिनात 98 टक्क्यांहून अधिक डिझेल जळतेच. मोठा तोटा धुराड्यातून व रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेचा असतो. शिवाय 12 व्होल्ट, 20 अँपिअरचे किट हायड्रोजनच्या रूपात सुमारे 150 वॅट देते, तर अर्ध्या भारावर चालणारा 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारे 40,000 वॅट दराने डिझेल जाळतो. अर्ध्या टक्क्याहून कमी वायूने वीस टक्के बचत कशी होणार?

बाहेरून टाकीतून आणलेल्या हायड्रोजनवर मात्र गंभीर संशोधन झाले आहे. तो काही डिझेलची जागा घेतो, काजळी घटते. पण नायट्रोजन ऑक्साइडे वाढू शकतात. तो हायड्रोजन तयार करायला लागलेली ऊर्जाही हिशेबात धरावी लागते.

मग काहींना फरक का जाणवतो? किट बसवताना एअर फिल्टर साफ होतो, चालक जपून चालवतो, टाकी दर वेळी सारखी भरत नाही. खरी चाचणी म्हणजे तोच भार, वजन करून घेतलेले डिझेल, अनेक फेऱ्या आणि किट चालू की बंद हे चालकाला ठाऊक नसणे.

वर्गात पाण्याचे विघटन जरूर दाखवावे; मात्र दोन्ही वायू वेगळे गोळा करावेत, कारण त्यांचे मिश्रण स्फोटक असते. त्यानंतर वरचा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच मांडून घ्यावा. तो घरी पोचला, तर एखाद्या शेतकऱ्याचे पैसे वाचतील.